खालच्या दोरीवरचा चिमटा

मुलांनो, जरा कल्पना करा. डोळे मिटायची गरज नाही, उघडे ठेवूनच करा. तुम्ही सहा वर्षांचे आहात आणि शाळेतून घरी आला आहात. तुमचं घर म्हणजे एक लॉन्ड्री. खाली कपडे धुण्याचा कारखाना, वर राहायच्या दोन खोल्या. एरवी या वेळी इथं इतका गलका असतो की स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू येत नाही. आज आत पाऊल टाकता तर चिटपाखरू नाही. टेबलावर चहाचा कप, अर्धा प्यालेला, अजून कोमट. बाबांचा एप्रन जमिनीवर पडलेला आणि त्याच्याशेजारी त्यांच्या चपला. इस्त्रीच्या फळ्यांवर सदरे हात पसरून पडलेत, आत माणूस नसलेले. खोलीभर पांढरी वाफ, ढगासारखी. आणि त्या ढगातून एक लांबलचक, कानठळ्या बसवणारी शिट्टी येतेय. थांबायचं नाव नाही.

तुम्हाला काय वाटेल?

तुम्ही म्हणाल, गेले असतील सगळे मागच्या गल्लीत. हाका माराल. बरोबर आहे. पण त्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या मुलीला तसं वाटलं नाही. तिला वाटलं, झालं. सगळ्यांना वर नेलं, आणि मी राहिले.

असं तिला का वाटलं, ते कळायचं तर आधी एका कापडाची हकिगत ऐकावी लागेल. ऐकताना राग आला तर येऊ द्या. राग येण्यासारखीच ती आहे.

त्या लॉन्ड्रीत दोन बहिणी होत्या. थोरली अकरा वर्षांची. तिच्या नाकाच्या शेंड्यावर राग, म्हणून घरात सगळे तिला ठिणगी म्हणत. धाकटी सहा वर्षांची. धुवायला आलेल्या कपड्यांची सुटून पडलेली बटणं ती फ्रॉकच्या खिशात साठवायची, म्हणून ती बटण. बटण बोलताना अडखळायची. घरात कमी, चारचौघांत फार. समोर चार डोळे जास्त दिसले की पहिलं अक्षर तिच्या ओठांवरच अडून बसायचं. ठिणगीला सवय होती. ती थांबायची. बाकीचे थांबायचे नाहीत.

दर रविवारी प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत मुलांचा वर्ग भरायचा. शिकवायची आत्या, म्हणजे या दोघींच्या बाबांची थोरली बहीण. तिथल्या भिंतीवर ते कापड टांगलेलं असायचं. लॉन्ड्रीतल्या चार जुन्या चादरी जोडून केलेलं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. त्यावर बायबलातल्या शेवटच्या पुस्तकातली सगळी दृश्यं ओळीनं काढली होती. सात दिवे, सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या, समुद्रातून वर येणारं श्वापद. काढणारा पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवणारा होता. त्यामुळे देवदूतांच्या गालांवर साबणाच्या डब्यावरच्या बाळांसारखी लाली होती, आणि श्वापदाच्या सातव्या डोक्याला जागा उरली नाही म्हणून त्यानं ते शेपटीजवळ बसवलं होतं. आत्यानं त्यावर बाणाबाणांनी खुणा केल्या होत्या: आधी हे होणार, मग हे, मग हे. आगगाडीच्या वेळापत्रकात स्टेशनं असावीत तशी.

कापडाच्या मधोमध मोठा पांढरा ढग होता आणि त्याच्याकडे उचलली जाणारी माणसं. खाली जमिनीवर त्यांचे रिकामे कपडे नि चपला पडलेल्या. शेजारी एक बंद दार, आणि दाराबाहेर राहिलेली माणसं डोंगराच्या कपारींत लपताना.

इथवर ठीक. चित्र आहे, चित्रात काहीही असतं. पण आत्यानं ढगासमोरून एक दोरी बांधली होती आणि बंद दारासमोरून दुसरी. आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाचा एक लाकडी चिमटा होता, लॉन्ड्रीतलाच, कपडे वाळत घालायचा. त्यावर ज्याचं त्यानं आपलं तोंड काढलेलं. नेमून दिलेलं वचन ज्याला पाठ म्हणता आलं, त्याचा चिमटा वरच्या दोरीवर. ज्याला नाही आलं, त्याचा खालच्या.

ठिणगीचा चिमटा कायम वर. बटणचा चिमटा अकरा रविवार खाली होता.

अकरा रविवार! वचन तिला येत नव्हतं असं नाही. घरी भांडी पुसताना ती ते घडाघडा म्हणायची. कठीण वेळेतून गेलेली माणसं आपली वस्त्रं कोकऱ्याच्या, म्हणजे प्रभूच्या, रक्तात धुऊन पांढरी करतात, अशा अर्थाचं ते वचन होतं. पण वर्गात उभी राहिली की, “व... व... व...” मागच्या बाकावरची मुलं खुसखुसायची, आत्या घड्याळाकडे बघायची आणि म्हणायची, “बरं, पुढच्या रविवारी. प्रार्थना कर म्हणजे येईल.” आणि चिमटा जिथल्या तिथं.

“आत्या, तिला येतं,” ठिणगीनं एकदा उठून सांगितलं होतं. “थोडं थांब ना.”

“तो दिवस कुणासाठी थांबणार आहे का?” आत्या म्हणाली. रागानं नाही, अगदी मायेनं. त्या मायेचाच ठिणगीला जास्त राग आला.

आता त्या मंगळवारकडे येऊ.

झालं होतं एवढंच, की धुतलेल्या चादरींची मोठी ट्रॉली मागच्या गल्लीत चाक निखळून गटारात कलंडली. आई, बाबा, आजोबा, इस्त्रीच्या दोघी बायका, सगळे हातातलं टाकून धावले. बाबांचा एप्रन दाराच्या कडीत अडकला तो त्यांनी काढून तिथंच जमिनीवर टाकला, आणि चिखलात नकोत म्हणून चपलाही. बॉयलरची आच कमी करायला कुणी राहिलंच नाही. वाफ कोंडली, झडप उघडली आणि शिट्टी वाजू लागली.

नेमकं तेव्हाच शेजारच्या शिवणकामवाल्या मावशींनी बटणला शाळेतून आणून दारात सोडलं आणि त्या आपल्या घरी गेल्या.

सगळे परतले तेव्हा शिट्टीनं जीव नकोसा केला होता. बाबांनी आधी बॉयलर बघितला. बटण दिसली नाही, तर आईला वाटलं ती मावशींकडे असेल, ती बऱ्याचदा असायची. मावशींना वाटलं ती घरी. एक तास असाच गेला.

ठिणगी शाळेतून आली, दप्तर टेबलाखाली ढकललं आणि विचारलं, “बटण कुठाय?”

आईनं बाबांकडे बघितलं. बाबांनी आजोबांकडे. आईच्या तोंडचं पाणी पळालं.

मग धावाधाव. मावशींचं घर, शाळा, कोपऱ्यावरचं दुकान. इस्त्रीच्या बायका हाका मारत रस्त्यानं निघाल्या. आजोबा मागच्या गल्लीतल्या गटारात काठी घालून बघत होते, आणि ते बघवेना म्हणून ठिणगी घराकडे वळली. ती दारातच उभी राहिली. समोर बाबांचा एप्रन पडला होता. उचलायला कुणाला सुचलंच नव्हतं. त्याच्याशेजारी चपला. फळ्यांवर रिकामे सदरे.

हे चित्र तिनं कुठंतरी बघितलं होतं.

मग तिला शिट्टी आठवली, आताच आई म्हणाली होती ती. कर्णा. वाफ. ढग. आणि मागे राहिलेली माणसं काय करतात? कपारींत लपतात.

ती कोठीकडे धावली. तिथं हॉटेलांतून आलेल्या मळक्या चादरींच्या गोण्या एकावर एक रचलेल्या असायच्या, एकेक गोणी माणसाएवढी जड. नुकताच टेम्पो आला होता, दोन-तीन गोण्या टाकून झाल्या होत्या आणि ड्रायव्हर पाठीवरची आणखी एक गोणी खालच्या ढिगावर टाकायच्या बेतात होता.

“थांबा!” ठिणगी एवढ्या जोरात ओरडली की त्याच्या हातून गोणी बाजूलाच पडली.

“अगं, काय झालं काय? साप बघितलास का?”

“गप्प बसा. ऐका.”

ढिगाच्या आतून, अगदी बारीक आवाजात, कुणीतरी बोलत होतं. न अडखळता. एकदा म्हणून झालं की पुन्हा पहिल्यापासून. तेच वचन. वस्त्रं धुण्याचं.

दोघांनी मिळून गोण्या ओढल्या. खालच्या गोणीत, अर्धवट उपसलेल्या चादरींमध्ये अंगाची मुटकुळी करून बटण बसली होती. घामानं चिंब, ओठ पांढरे पडलेले. तिनं ठिणगीकडे बघितलं, पण तिला हात लावला नाही. जणू ही खरी की खोटी तेच तिला ठरवता येत नव्हतं.

“ताई,” ती म्हणाली, “मी म्हटलं. स... सगळं म्हटलं. आता दार उघडतील?”

मुलांनो, ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या क्षणी.

बटणला लिंबाचं सरबत पाजलं, ओल्या पंच्यानं पुसलं, आईनं तिला मांडीवर घेतलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तासाभरात निरोप मिळून आत्या धावत आली, आणि कुणीतरी प्रार्थनामंदिराच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंनाही बोलावलं. इस्त्रीच्या खोलीत, गरम कपड्यांच्या वासात, सगळे उभ्यानंच बोलू लागले. आणि मोठी माणसं घाबरली की जे करतात तेच त्यांनी केलं. भांडायला लागली.

“अक्का, ती दोरी आज उतरव,” बाबा म्हणाले. “पोरगी मेली असती गोणीखाली.”

“देवानं वाचवली,” आत्या म्हणाली. “अरे, मला काय आनंद झाला का? पण चुकीचं काय शिकवलं मी? येणारच नाहीये का तो दिवस? लिहिलंय ते खोटं आहे?”

“खोटं कोण म्हणतंय,” आजोबा म्हणाले. आजोबा म्हणजे आईचे वडील. लॉन्ड्रीत कपड्यांवरचे डाग काढायचं काम त्यांच्याकडे होतं, त्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीकडे डोळे बारीक करून बघायची सवय. “पण ते पत्र आहे, बाई. त्या काळच्या सात गावांतल्या, प्रभूला मानणाऱ्या मंडळ्यांना लिहिलेलं. राजा त्यांना छळत होता. लिहिणारा स्वतः बेटावर कैदेत. श्वापद म्हणजे ते राज्य, हे वाचणाऱ्यांना बरोबर कळलं. तू त्याचं वेळापत्रक केलंस.”

“म्हणजे सगळं होऊन गेलं? आपल्याला त्यात काहीच नाही?”

“तसंही नाही,” बाबा मध्येच म्हणाले. “ते हळूहळू घडतच आलंय. प्रत्येक शतकात एकेक शिक्का फुटलाय. आमचे वडील तर कुठलं युद्ध म्हणजे कुठला कर्णा, ते तारखेनिशी सांगायचे.”

“आणि तुम्ही सांगता ते?” आई पहिल्यांदाच बोलली. “रोज सकाळी पेपर उघडून, ‘झाला बरं का पाचवा कर्णा!’ हसत हसत. पोरी समोर बसलेल्या असतात.”

बाबांचा चेहरा उतरला.

पाळकांनी घसा साफ केला. ते सौम्य गृहस्थ होते, सगळ्यांना हवेसे. “असं बघा,” ते म्हणाले, “काही जण ते झालं असं मानतात, काही होतंय असं, काही होणार असं. मला विचाराल तर ती चित्रं आहेत. चांगल्या-वाईटाची लढाई प्रत्येक काळात चालते आणि शेवटी कोकरा जिंकतो, एवढा त्याचा अर्थ. तारखा शोधू नयेत. तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, असं खुद्द प्रभूनं सांगितलंय.”

“मग तुम्ही दोरी का नाही काढलीत?”

सगळ्यांनी वळून बघितलं. ठिणगी फळीला टेकून उभी होती. तिच्या मुठी आवळलेल्या होत्या.

“दर रविवारी तुम्ही वर्गात येता,” ती पाळकांना म्हणाली. “बटणचा चिमटा खाली बघता. तिच्या डोक्यावर हात ठेवता आणि जाता. तुम्हाला माहीत होतं ना ती चित्रं आहेत?”

“बाळ, मंडळीत एकोपा राहावा म्हणून कधी कधी...”

“आणि आजोबा, तुम्हाला माहीत होतं ते पत्र आहे. मग आम्हाला का नाही सांगितलं? आणि बाबा, तुम्हाला तर गंमत वाटते! तुम्ही सगळे वेगवेगळं मानता आणि जेवायला एकत्र बसता. तुम्हाला काही होत नाही. ती गोणीत बसली होती!”

“ठिणगी, आवाज खाली,” बाबा म्हणाले.

“नाही खाली करणार. सगळं खालीच ठेवायचं का?”

मग ती आत्याकडे वळली. “तू वाईट आहेस. तू तिला मुद्दाम घाबरवलंस.”

आत्या इस्त्रीवालीच्या स्टुलावर मटकन बसली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. “तुमचे काका सकाळी डबा घेऊन कामावर गेले,” ती म्हणाली. काका म्हणजे तिचे यजमान. “आणि दुपारी नुसता डबा परत आला. मला कुणी सांगितलं नव्हतं तसं होणार म्हणून. कुणीच नाही. पुढचं सगळं ओळीनं भिंतीवर लिहिलेलं असलं की मला श्वास घेता येतो.” तिनं आजोबांकडे बघितलं. “तुम्ही म्हणता ते होऊन गेलं. पाळकसाहेब म्हणतात चित्र आहे. मग ते मला परत भेटणार, हेही चित्रच का? वरच्या दोरीवरचा पहिला चिमटा त्यांचा आहे. तोंड काढायला माझा हात धजावला नाही, म्हणून तो कोरा आहे.”

त्या कोऱ्या चिमट्याला मुलं जादा चिमटा समजत होती.

ठिणगीला क्षणभर वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला. आता नीट रागावताही येऊ नये, हा कुठला न्याय? ती जिना चढून वर गेली आणि दार असं आपटलं की खाली हँगर हलले.

पुढचे चार दिवस बटण कुणाशी बोलली नाही. आई नजरेआड झाली की ती खोलीच्या दारात जाऊन उभी राहायची. बाबा मागच्या गल्लीत निघाले की त्यांचा एप्रन धरून मागे. रविवारी मुलांचा वार्षिक कार्यक्रम होता. ते कापड त्या दिवशी मोठ्या प्रार्थनागृहात, सगळ्या मंडळीपुढे लागायचं. चिमट्यांसकट. आत्यानं दोरी उतरवली नव्हती. “मुलं घाबरली तर देवाचा हात घट्ट धरतील,” एवढंच ती म्हणत होती, आणि बाबा नि पाळक तिच्याशी पुन्हा बोलायचं उद्यावर ढकलत होते. बाबांना तिच्या डोळ्यांतलं पाणी सोसत नव्हतं. पाळकांना कुणाच्याच डोळ्यांतलं पाणी सोसत नव्हतं.

शनिवारी सकाळी ठिणगी आजोबांच्या डागांच्या टेबलापाशी गेली. फळीवर बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या.

“रंग उडवायची बाटली कुठली?” तिनं विचारलं.

“कुठला रंग उडवायचाय?”

“दाराचा. त्या बंद दाराचा.”

आजोबांनी डोळे बारीक केले. तिला रागावले नाहीत. हॉटेलच्या ढिगातून त्यांनी रक्ताचा डाग पडलेला एक रुमाल काढला आणि तिच्यापुढे ठेवला. “हा कसा काढायचा?”

“गार पाणी. गरम पाण्यात घातला तर डाग बसतो.” हे तिला वयाच्या पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं.

“आणि मळका कपडा रक्तात बुडवला तर?”

“काहीतरीच काय! घाण होईल.”

“पांढरा नाही होणार?”

ठिणगी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. अकरा आठवडे ती ते वचन ऐकत होती, म्हणत होती, पहिला नंबर मिळवत होती. लॉन्ड्रीतली मुलगी असून हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

“लिहिणाऱ्याला माहीत नसेल रक्तानं कपडा पांढरा होत नाही?” आजोबा म्हणाले. “तुझ्यामाझ्याएवढंच माहीत होतं. म्हणून तर त्यानं तसं लिहिलं. वाचणाऱ्यानं तिथं अडखळावं, थांबावं. म्हणावं, हे धुण्याचं बोलत नाहीत, दुसरंच काही सांगतायत. मार खाऊन आलेल्या माणसांना तो सांगतोय, की तुमच्यावर पडलेला डाग तो तुमचा डाग नाही. तुमच्यासाठी कुणीतरी आधीच आपलं रक्त सांडलंय, तुम्ही स्वच्छ आहात. घाबरलेल्यांना धीर द्यायला लिहिलेलं पुस्तक आहे ते, पोरी. धीर आलेल्यांना घाबरवायला नाही.”

“म्हणजे शेवट येणार नाही?”

“येईल. तो येईल असं मीही मानतो. कधी, कसा, ते मला माहीत नाही. मला जे माहीत नाही ते मी भिंतीवर टांगत नाही, इतकंच.” त्यांनी रुमालाची घडी घातली. “पण जे माहीत होतं तेही मी सांगितलं नाही. भांडण नको म्हणून. तू त्या दिवशी बोललीस ते खरं होतं.”

“मग द्या बाटली.”

“कापड आत्याचं आहे. दुसऱ्याच्या कापडाला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा आपला धंद्याचा नियम.”

“आणि दुसऱ्याच्या बहिणीला?”

आजोबांनी बादली उचलली. ते पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा फळीवर एका बाटलीची जागा रिकामी होती. त्यांनी ती बघितली, आणि दुसरा डाग घासायला घेतला.

रविवारी प्रार्थनागृह भरलं होतं. समोर ते कापड, या खांबापासून त्या खांबापर्यंत. वरच्या दोरीवर वीस-बावीस चिमटे. खालच्या दोरीवर एकच. त्यावर बटणनं काढलेलं गोल तोंड, दोन टिंबं, आणि हसणं जरा वाकडं. बटण आईच्या कुशीत होती आणि त्याच्याकडेच बघत होती. लोकही बघत होते. एक बाई शेजारणीच्या कानात कुजबुजली, “ती लॉन्ड्रीवाल्यांची धाकटी ना? जिला बोलता येत नाही ती.”

ठिणगीनं पिशवीत हात घालून बाटलीचं झाकण चाचपलं.

“आता आमच्या वर्गातली पहिली मुलगी वचन म्हणेल,” आत्यानं जाहीर केलं आणि अभिमानानं तिच्याकडे बघितलं. बापडीला वाटलं होतं, पोर राग विसरली.

ठिणगी पिशवी घेऊन उठली. पुढे गेली. तिसऱ्या रांगेत आजोबा ताठ बसले. कापडाच्या इतक्या जवळ ती कधी उभी राहिली नव्हती. जवळून बघताना दाराच्या रंगाखाली चादरीची वीण दिसत होती, आणि कोपऱ्यात त्यांच्याच लॉन्ड्रीची निळी खूण. बाटलीभर औषधानं ते दार पुसलं गेलं असतं. वर हात करून एक हिसडा दिला असता तर वरची अख्खी दोरी खाली आली असती, सगळ्या चिमट्यांसकट. तिचा हात वर गेलाही. पहिल्याच चिमट्यापाशी तो थबकला. कोरा चिमटा. त्याला तोंड नव्हतं.

तिनं त्याला हात लावला नाही. पिशवी खाली ठेवली. बाटली आतच राहिली.

“म्हण ना, बाळ,” आत्या हळूच म्हणाली.

“मी नाही म्हणणार,” ठिणगी म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. “बटणला माझ्यापेक्षा चांगलं येतं. तुम्हाला थांबता येत नाही.”

मग तिनं वरच्या दोरीवरचा स्वतःचा चिमटा काढला. वाकली. तो बटणच्या शेजारी नाही लावला, दोरीवरही नाही लावला. बटणच्या चिमट्यालाच तो करकचून अडकवला, असा, की एकाला उचलायचं म्हटलं तर दुसऱ्यालाही उचलावं लागेल. दोनदा ओढून बघितला, घट्ट बसलाय ना म्हणून. आणि लाल झालेल्या चेहऱ्यानं, आत्याकडे, पाळकांकडे, कुणाकडेही न बघता ती परत आली, आईच्या शेजारची जागा ओलांडून बटणच्या बाजूला बसली, आणि तिच्या खिशात हात घालून, बटणांत खुपसलेला तिचा हात तिथंच धरून ठेवला.